चकव्याचं बारसं

एकदा काय झालं... थांबा, थांबा. आधी पिशव्या भरून झाल्या का? उद्या जोतिबाला जायचंय, पहाटेची एस्टी आहे. मग आता पडा बघू. केतन, भिंतीकडे तोंड करू नकोस, मी गोष्ट काय भिंतीला सांगू? जुई, मनूच्या पायांवर पांघरूण घाल. हं. आता ऐका.

एकदा काय झालं, एक होता डोंगर. डोंगराच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव, आणि मधे घाट. घाटात रान असं दाट, की भर दुपारीसुद्धा तिथं तिन्हीसांज वाटायची. त्या रानात राहायचा चकवा.

मनू, घाबरायचं नाही. चकवा म्हणजे भूत नव्हे आणि राक्षसही नव्हे. त्याला शिंगं नव्हती, सुळे नव्हते, माणसं खायची सवयही नव्हती. त्याची खोड एकच. त्याला स्वतःचा आवाज नव्हता, बरं का. मग तो काय करायचा, दुसऱ्यांचे आवाज उचलायचा. रानात कुणी काही बोललं की ते शब्द जपून ठेवायचा, तुमची आई डब्यात वाटाणे भरून ठेवते तसे. मग कुणी एकटंदुकटं दिसलं की त्यातलाच एक आवाज बाहेर काढायचा. "अहोऽ, इकडं या!" माणसाला वाटायचं, बायकोच बोलावतेय. की निघाला तो हाकेमागं. चकवा त्याला फिरव फिरव फिरवायचा आणि शेवटी काळ्या खिंडीपलीकडे न्यायचा.

आणि काळी खिंड ओलांडली की माणूस घर विसरायचा. आपलं नावसुद्धा विसरायचा. मग बसायचा तिथंच, गवताच्या काड्या तोडत.

आता अलीकडच्या गावात घोंगड्या विणणारं एक घर होतं. सुभाना होता, त्याची बायको हौसा होती, त्यांची एवढीशी गोजरा होती. सुभानाचा धाकटा भाऊ येसू होता. आणि सगळ्यांच्या वर होती सुभानाची आई, म्हाळसाबाई. तोंडानं फटकळ, मनानं लोण्याचा गोळा. त्या घराची एक रीत होती. काही झालं की घाल घोंगडी. माणूस झोपला, घाल घोंगडी. धान्याची रास झाकायची, घाल घोंगडी. म्हशीला थंडी वाजली, तिलाही घाल घोंगडी. सगळं घर आपलं पांघरुणाखाली!

एके दिवशी पलीकडच्या गावाहून सांगावा आला. हौसाच्या भावाला मुलगा झाला होता. त्याचं बारसं होतं. आणि बारशाला नाव कोण ठेवतं रे, केतन? बरोबर, आत्या. म्हणजे कोण? हौसा! ती गेल्याशिवाय बाळाला नावच मिळणार नव्हतं. मग झाली की घरात गडबड. दोन बैलगाड्या जुंपल्या. पुढच्या गाडीत पाळणा, हौसा आणि गाडी हाकायला सुभाना. मागच्या गाडीत घोंगड्या, गुळाची भली मोठी ढेप, म्हाळसाबाई आणि हाकायला येसू. गोजरा कुठं? ती कधी या गाडीत, कधी त्या गाडीत. तिच्या पायाला भिंगरी!

निघायच्या आधी म्हाळसाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"माझं ऐकल्याशिवाय एक चाक हलायचं नाही," ती म्हणाली. "गाडी सुटताना प्रत्येकाच्या डोक्यावर हात लावायचा. नुसतं बघायचं नाही, हात लावायचा. चुकामूक झाली तर असाल तिथंच बसायचं. हरवलेल्यानं चालायचं नसतं, शोधणाऱ्यानं चालायचं. आणि रानात हाक आली म्हणून पाय उचलायचा नाही. आधी खूण विचारायची."

येसू हसला. "आये, बारशाला निघालोय का लढाईला?"

"लढाईत एखादा कमी चालतो," म्हाळसाबाई म्हणाली. "बारशात चालत नाही."

खूण दर प्रवासाला वेगळी असायची. या खेपेला खूण होती बाळाचं नाव. हौसानं ते मनात ठरवून ठेवलं होतं. बारशाआधी ते मोठ्यानं उच्चारायचं नाही, रानात तर नाहीच नाही. म्हाळसाबाईनं ते प्रत्येकाच्या कानात सांगितलं. गोजराच्या कानात सांगितलं तेव्हा गोजराला इतक्या गुदगुल्या झाल्या, की तिनं नाव पुन्हा सांगायला लावलं.

मग निघाल्या गाड्या. घाट चढल्या. माथ्यावर एक झरा होता, तिथं बैलांना पाणी पाजायला थांबल्या. गोजरा मागच्या गाडीत होती. गुळाच्या ढेपेवर मुंग्या चढायला लागलेल्या तिनं बघितल्या. मग तिनं काय केलं? घोंगडी घातली! घरची रीतच ती. कडा नीट खोचल्या, वर एक थाप मारली, आणि टुणकन उडी मारून गेली करवंदाच्या जाळीत.

करवंदं अशी पिकलेली, काळीभोर! एक तोंडात, एक ओच्यात. एक तोंडात, एक ओच्यात. ओच्यात कमी आणि तोंडात जास्त, ते तुम्हाला सांगायला नकोच.

तेवढ्यात चकव्यानं सोडलं धुकं. झऱ्यावर धुकं, जाळीवर धुकं, बैलांची शिंगं तेवढी वर दिसतायत. येसू म्हणाला, "चला चला, वाट दिसतेय तोवर उतरू." हौसानं हाक मारली, "गोजरा, ये गं लवकर, गाडी सुटली!" ती हाक चकव्यानं वाटेतच उचलली, आणि हौसाला वाटलं, पोर सासूबाईंच्या गाडीत असेल. म्हाळसाबाईनं सगळ्यांच्या डोक्यांवर हात लावला. सुभाना झाला, हौसा झाली, येसू झाला. मागच्या गाडीत बघते तर घोंगडीखाली गोल गोल काहीतरी. झोपली वाटतं गोजरा. आता झोपलेल्या पोरीचं पांघरूण कशाला काढा, उठेल बिचारी. म्हणून तिनं घोंगडीवरूनच थोपटलं. गोल होतं. घोंगडीनं ऊबदारही झालं होतं. झालं, म्हाळसाबाईची खात्री पटली.

नियम केला कुणी? म्हाळसाबाईनं. मोडला कुणी? म्हाळसाबाईनं! शहाण्या माणसाची चूक अशीच असते, बरं का. दुसऱ्याला सांगताना सगळं आठवतं.

गाड्या घाट उतरायला लागल्या. म्हाळसाबाई आपली अर्धा उतार गुळाच्या ढेपेला थोपटतेय. ओव्या म्हणतेय. वर येसूला दटावतेय, "हळू हाक, पोर उठेल!" हसू नका. तिला काय माहीत.

इकडे गोजरा जाळीतून बाहेर आली. झरा होता, बैलांच्या खुरांचे ठसे होते. गाड्या नव्हत्या. तिला वाटलं, धावत सुटावं. पण धावावं कुठं? जिकडं बघावं तिकडं धुकं. मग तिला आजीचं बोलणं आठवलं. हरवलेल्यानं चालायचं नसतं. झऱ्याजवळ एक मोठा दगड होता. त्यावर ती मांडी घालून बसली. अंगावरची छोटी घोंगडी गच्च धरली आणि दगडाला म्हणाली, "मी इथंच आहे हं."

थोड्या वेळानं धुक्यातून आईची हाक आली. "गोजरा, ये गं लवकर, गाडी सुटली!"

गोजरा ताडकन उठली. एक पाय दगडावरून खाली गेलासुद्धा. मग तो पाय तिनं वर घेतला आणि विचारलं, "आई, खूण सांग. बाळाचं नाव काय?"

धुकं म्हणालं, "बाळाचं नाव काय?"

"मी तुला विचारतेय!"

"मी तुला विचारतेय!"

गोजरा पुन्हा बसली. ही काही आई नव्हे. आईला विचारलं तर आई सांगते, नाहीतर ओरडते. उलटं विचारत नाही.

मग दुसऱ्यांदा काय झालं? बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. छुनुक छुनुक. आणि बाबांचा आवाज, "हैक हैक! चल माझ्या राजा!" अगदी जवळ. आता बाबा येणार, उचलून गाडीत बसवणार! गोजरानं दोन्ही हात वर केले. पण विचारायचं ते विचारलंच. "बाबा, बाळाचं नाव काय?"

घुंगरं वाजत राहिली. "हैक हैक," बाबा म्हणाले. "चल माझ्या राजा." नाव काही आलं नाही. गोजरानं हात खाली घेतले.

मग तिसऱ्यांदा आला आजीचा आवाज. हा सगळ्यात वाईट, बरं का, कारण हा सगळ्यात गोड होता. चढावर म्हाळसाबाई गोजराला जे म्हणाली होती तेच, जसंच्या तसं. "ये माझी बाय, गूळ देते." आता गोजराला भूक लागली होती. थंडी वाजत होती. ती दगडावरून उतरली आणि चालायला लागली. "ये माझी बाय, गूळ देते." ती आणखी पुढं गेली. धुक्यात तिला समोर काहीतरी काळं दिसलं. मोठ्या दारासारखं. ओळखलंत ना, काय होतं ते?

काळी खिंड! मनू, माझा हात सोड थोडा, दुखतोय. गोजरा नाही जात खिंडीत. तिनं मागं वळून बघितलं, तर आपला दगड अजून दिसत होता. ती जागीच थांबली आणि रडत रडत म्हणाली, "आज्जी, आधी नाव सांग!"

"नाव," धुकं म्हणालं. "नाव... नाव... नाव..."

गोजरा पळत दगडावर येऊन बसली आणि मोठ्यानं रडायला लागली.

आता तिकडे काय झालं? घाटाच्या मध्यावर म्हाळसाबाईला घोंगडीवर मुंग्यांची रांग दिसली. "अगं बाई, पोरीला मुंग्या लागल्या!" म्हणून तिनं घोंगडी ओढली. आणि खाली काय? ढेप!

म्हाळसाबाईनं गाडी थांबवायला लावली आणि पुढच्या गाडीला हाक दिली. हौसानं ओरडून सारा घाट डोक्यावर घेतला. आणि त्याच वेळी डाव्या दरीतून गोजराचं रडणं आलं. "आईऽ आईऽ!" हौसा तशीच दरीकडे धावली. म्हाळसाबाईनं तिचा पदर घट्ट पकडला.

"सोडा मला! माझी लेक रडतेय!"

"माझी नात आहे ती," म्हाळसाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मूठ सैल झाली नाही. तिनं दरीकडे तोंड करून विचारलं, "बाळाचं नाव काय?"

दरी म्हणाली, "बाळाचं नाव काय?"

मग उजव्या कड्यावरून रडणं आलं. मग मागून आलं. मग चहूकडून आलं. खरी गोजरा एक, आवाज शंभर. हौसानं कपाळाला हात लावला. म्हाळसाबाई म्हणाली, "आवाजामागं जायचं नाही. जिथं तिच्या डोक्यावर हात लावायचा माझा राहिला, तिथं जायचं. माझी पोर तिथंच बसली असणार. चूक माझी झाली, तिची व्हायची नाही." येसूला बैलांपाशी ठेवलं. एक लांब घोंगडी काढली. तिघांनी तिचा काठ धरला, म्हणजे धुक्यात एकमेकांचा हात सुटायला नको. आणि गाडीच्या चाकांच्या खुणा बघत बघत तिघं उलटी वर चढायला लागली.

इकडे गोजरा रडत होती. आणि तिच्यासारखंच चहूकडून कुणीतरी रडत होतं. जरा वेळानं गोजराला राग आला. रडताना सुद्धा माणसाला नीट रडू देऊ नये म्हणजे काय!

"माझं रडणं चोरू नकोस," ती ओरडली. "तुझं तू रड की!"

सगळीकडे एकदम शांत झालं. चकव्याला आपलं रडणं कुठं होतं?

मग धुक्यातून हळूच कुणीतरी जवळ आलं. ना तोंड, ना डोळे. वाळत घातलेली घोंगडी वाऱ्यानं उभी राहावी, तसं काहीतरी. दगडाजवळ येऊन थांबलं. गोजराला भीती वाटली, पण त्याहून जास्त तिला नवल वाटलं.

"तू कोण? तुझं नाव काय?"

"तुझं नाव काय?" चकवा म्हणाला.

"माझं गोजरा. तुझं?"

उभी घोंगडी ओघळावी तसा चकवा खाली झुकला.

"तुला नावच नाही?"

"नावच नाही," चकवा म्हणाला. आता हे तिचेच शब्द होते, पण म्हणताना त्याचा आवाज कापला.

गोजराला फार वाईट वाटलं. एवढा मोठा झाला आणि याचं बारसंच झालं नाही! कुणी नाव ठेवलं नाही, म्हणून कुणी हाक मारली नाही. कुणी हाक मारली नाही, म्हणून ओ द्यायला आवाज आला नाही. म्हणून हा बिचारा दुसऱ्यांच्या हाका चोरत हिंडतो. गोजरानं नाक पुसलं आणि कामाला लागली.

"बस इथं," ती म्हणाली. "मी तुझी आत्या."

चकवा बसला. तिनं आपली छोटी घोंगडी त्याच्यावर घातली. अर्ध्यालाच पुरली, पण घातली. पाळणा नव्हता म्हणून त्याला मांडीशी घेऊन डोलवलं. आता नाव कुठलं ठेवायचं? मामाच्या बाळाचं नाव तिला येत होतं, पण ते सांगायचं नव्हतं. तिनं थोडा विचार केला. मग त्याच्या कानाशी, म्हणजे कान असता तर जिथं असता तिथं, तोंड नेलं आणि म्हणाली, "कुर्रर्र... वाटोबा!"

म्हणजे वाट दाखवणारा. घुगऱ्या नव्हत्या, म्हणून तिनं ओच्यातली करवंदं त्याच्यापुढं ठेवली. राहिला धपाटा. आत्यानं नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना? पण तिथं बायका कुठल्या? गोजरानं स्वतःच्या पाठीत मारून बघितलं. हात पोचेना. "बारसं जरा अर्धंच राहिलं," ती म्हणाली. "चालवून घे."

आणि मग काय झालं, बरं का, चकवा हलला. आणि मातीचं नवं मडकं वाजवावं तसा एक आवाज आला. कुणाचाही नव्हता तो. त्याचाच होता.

"वाटोबा," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "वाटोबा!" मग इतका खूश झाला, की साऱ्या रानाला सांगत सुटला. साठवलेले सगळे आवाज त्यानं सोडून दिले. दरीतलं रडणं थांबलं, कड्यावरचं थांबलं. रानात एकच गोजरा उरली. धुकंही विरायला लागलं.

तेवढ्यात खालच्या वळणावर तिघं आली. वाटोबानं त्यांना बघितलं आणि आपल्या नव्या आवाजात ओरडला, "इकडं! इकडं!"

म्हाळसाबाई थबकली. "हा कोण नवा? ए, खूण सांग. नाव काय?"

"वाटोबा!"

"तुझं नाव कुणी विचारलं? बाळाचं सांग!"

मग दगडावरून गोजरा ओरडली, "आज्जी, ते मोठ्यानं कसं सांगू? बारसं अजून व्हायचंय! तू जवळ ये, मी कानात सांगते!"

म्हाळसाबाईनं घोंगडीचा काठ सोडला आणि भरल्या डोळ्यांनी हसायला लागली. "हीच," ती म्हणाली. "हीच आमची."

हौसा केव्हाच धावली होती. तिनं गोजराला दगडावरून उचललं आणि आधी काय केलं असेल? घातला पाठीत धपाटा! आणि मग उराशी धरून जी रडायला लागली, ती थांबेचना. गोजरा आईच्या खांद्यावरून मागं बघून ओरडली, "वाटोबा! बघ, धपाटा पण मिळाला! झालं रे तुझं बारसं पुरं!"

म्हाळसाबाई जवळ आली. गोजराच्या डोक्यावर तिनं हात ठेवला. केसांत बोटं घातली, कान चाचपले, नाक चाचपलं, मगच बोलली. "आता ढेप नव्हे. आता पोरच आहे." आणि मग गोजरानं तिच्या कानात बाळाचं नाव सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं.

मग काय! गाड्या पलीकडच्या गावाला पोचल्या. बाळाचं बारसं थाटात झालं. हौसाच्या पाठीत बायकांनी असे धपाटे घातले, की ती म्हणाली, "चकवा परवडला!" गुळाची ढेप सगळ्यांनी खाल्ली. म्हाळसाबाईनं मात्र तोंडात घातली नाही. म्हणे, "जिला एवढं थोपटलं, तिला खाऊ कशी?"

आणि काळ्या खिंडीपलीकडची माणसं? वाटोबानं त्यांना एकेक करून हाताला धरून घरी आणलं. घर दिसलं की नाव आठवायचं. एक जण मीठ आणायला म्हणून गेला होता, तो दारात उभा राहिला तेव्हा त्याला स्वतःच्या नातवानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कोण?" तो नुसता खाकरला, आणि आत बायकोनं आवाज ओळखला. ती चुलीपासून उठलीच नाही, आतूनच म्हणाली, "मीठ आणलंत का?"

तेव्हापासून त्या घाटात कुणी वाट चुकत नाही. धुकं पडलं की मडक्यासारखा आवाज येतो, "इकडं! इकडं!" आणि जाणारे-येणारे दगडावर मूठभर करवंदं ठेवतात. सगळी सुखरूप घरी पोचली, तशी तुम्ही-आम्ही पोचू.

काय गं जुई? बाळाचं नाव काय होतं? हळू बोल. तीच तर आपली उद्याची खूण. जोतिबाच्या गर्दीत कुणी म्हणालं, "चल, तुला आजीकडे नेतो," तर आधी हे नाव विचारायचं. आलं नाही तर जागचं हलायचं नाही. मी शोधत येईन, मी चालीन, माझे गुडघे कुरकुरले तरी. इकडे कान करा एकेकानं. केतन, तू आधी. ... कळलं? आता जुई. ... मनू, हसू नकोस, गुदगुल्या काय होतात एवढ्या! पुन्हा सांगू? बरं, पुन्हा सांगते.

हं. आता डोळे मिटा. मी डोक्यावर हात लावते एकेकाच्या. ही जुई. हा मनू. आणि हा केतन... थांब, हे काय? ही तर उशी! केतन, बाहेर ये पांघरुणाखालून, मला फसवतोस होय? आण ते डोकं इकडे.

आता झालं. सगळे आहेत. झोपा.